ग्राहकांचा बहिष्कार आणि जागतिक व्यापार

दुकानातल्या फळीवरून एखादी वस्तू न उचलण्याचा निर्णय तसा अगदी खासगी. पण असे हजारो निर्णय एकत्र आले, की त्यांचे पडसाद सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात, मळ्यात आणि कंपनीच्या संचालक मंडळात उमटतात. ग्राहक चळवळीचा हा दबाव नेमका चालतो कसा, त्यातून आजवर काय साधले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा आढावा.

१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापड घेऊन निघालेली मालमोटार अडवण्यासाठी सत्याग्रही रस्त्यावर उतरले होते. त्या मोटारीखाली चिरडून बाबू गेनू या तरुण गिरणी कामगाराचा मृत्यू झाला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ या गावातून पोटासाठी मुंबईत आलेल्या बाबू गेनूंची ओळख स्वातंत्र्यसंग्रामातील हुतात्मा अशी आहे, आणि ती यथार्थच आहे. परंतु आणखी एका दृष्टीने पाहिले, तर आंतरराष्ट्रीय व्यापारात खरेदी-विक्रीच्या मार्गाने हस्तक्षेप करणाऱ्या एका मोठ्या चळवळीचे ते बळी होते. मँचेस्टरहून आलेला माल मुंबईच्या बाजारात खपू द्यायचा नाही, हाच त्या चळवळीचा मार्ग होता.

या चळवळीची झळ इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना बसली. अर्थात मंदी, जपानी कापडाची स्पर्धा आणि भारतातील वाढलेले आयातशुल्क ही कारणेही तितकीच महत्त्वाची होती. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेल्या महात्मा गांधींनी मुद्दाम लँकेशायरमधील डार्वेन परिसराला भेट देऊन तेथील बेरोजगार कामगारांशी संवाद साधला. बहिष्काराचा फटका गिरणीमालकाबरोबर गिरणी कामगारालाही बसतो, हा पेच तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही.

साखरेपासून सुरुवात

'बॉयकॉट' हा शब्द १८८० मधला. आयर्लंडमधील मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर कुळांनी सामाजिक बहिष्कार टाकला आणि त्याचे आडनाव जगभरच्या भाषांत जाऊन बसले. बहिष्काराची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा वेस्ट इंडिज बेटांवर गुलामांच्या श्रमातून पिकणारी साखर घरात न आणण्याचे आवाहन करणारी पत्रके इंग्लंडभर वाटली गेली. लाखो लोकांनी ती साखर सोडली, असा अंदाज त्या काळातील कार्यकर्त्यांनी नोंदवून ठेवला आहे. पुढे काही दुकानदार 'ही साखर ईस्ट इंडियातील असून ती गुलामांच्या श्रमाची नाही' अशी जाहिरात करू लागले. वस्तू कोणत्या परिस्थितीत तयार झाली हे सांगून ती विकण्याची प्रथा म्हणजे आजच्या 'फेअर ट्रेड' शिक्क्याची पणजीच म्हणायची.

आपल्याकडे वंगभंगानंतर १९०५ मध्ये स्वदेशी आणि बहिष्कार हे चतुःसूत्रीचे भाग झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. तेव्हाचा बहिष्कार परकीय सत्तेविरुद्ध होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९७० नंतर, त्याचे लक्ष्य बदलले. अनेक देशांत एकाच नावाने माल विकणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्या आता या चळवळींच्या समोर होत्या.

कंपनीला नेमके काय बोचते?

बहिष्कारामुळे विक्री घटते आणि कंपनी नमते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात विक्रीतील घट अनेकदा किरकोळ आणि अल्पकालीन असते. कंपनीला बोचते ती नावाची बदनामी. आजच्या बड्या कंपन्यांपैकी अनेकांच्या मालकीचे कारखाने नाममात्र किंवा मुळीच नसतात. उत्पादन परदेशी ठेकेदारांकडून करून घ्यायचे आणि आपण रचना, जाहिरात व विक्री सांभाळायची, अशी त्यांची रीत असते. अशा कंपनीचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे तिचा ब्रँड. त्यावर डाग पडला, की गुंतवणूकदार प्रश्न विचारतात, घाऊक खरेदीदार बिचकतात आणि हुशार तरुण तेथे नोकरी धरायला कचरतात.

दुसरे मर्मस्थान म्हणजे मोजक्या मोठ्या खरेदीदारांच्या हाती असलेली विक्रीव्यवस्था. कोट्यवधी ग्राहकांचे मन वळवणे कठीण. पण चार-दोन सुपरमार्केट साखळ्या किंवा विद्यापीठांच्या खरेदी समित्या यांना पटवणे तुलनेने सोपे. म्हणून अनुभवी चळवळी घराघरात जाण्याआधी या दारांवर थाप मारतात. आणि तिसरे म्हणजे पर्यायाची उपलब्धता. बूट, कॉफी, पेट्रोल, शीतपेय यांचा दुसरा ब्रँड शेजारच्याच फळीवर असतो. ज्या मालावर ग्राहकाला नाव दिसत नाही, उदाहरणार्थ खनिज किंवा औद्योगिक रसायन, तेथे ही चळवळ लंगडी पडते.

दूध पावडरचा धडा

आधुनिक ग्राहक चळवळीचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण शिशुआहाराचे आहे. १९७४ मध्ये ब्रिटनमधील 'वॉर ऑन वाँट' या संस्थेने एक पुस्तिका काढली. गरीब देशांत आक्रमक जाहिरातीमुळे माता स्तनपान सोडून दूध पावडरकडे वळतात. अशुद्ध पाण्यात, परवडत नाही म्हणून पातळ करून दिलेली ही पावडर बालकांच्या जिवावर बेतते, असा तिचा रोख होता. स्वित्झर्लंडमधील एका गटाने तिचा जर्मन अनुवाद अधिक जहाल शीर्षकाने छापताच नेस्ले कंपनीने बदनामीचा खटला भरला. १९७६ मध्ये न्यायालयाने कार्यकर्त्यांना प्रत्येकी ३०० फ्रँक इतका नाममात्र दंड केला. मात्र कंपनीनेही आपल्या जाहिरात पद्धतीचा फेरविचार करावा, असे बजावले. कंपनी खटला जिंकली, पण जगभर झालेली चर्चा तिला महाग पडली.

४ जुलै १९७७ रोजी अमेरिकेत नेस्लेच्या मालावर बहिष्कार पुकारण्यात आला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीविषयीची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केली. विरोधी मत एकट्या अमेरिकेचे होते. कंपनीने संहिता पाळण्याचे मान्य केल्यावर १९८४ मध्ये बहिष्कार मागे घेण्यात आला आणि पालन होत नसल्याच्या तक्रारीवरून १९८८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

भारतीय वाचकासाठी या लढ्याचे फलित घरातलेच आहे. भारताने १९९२ मध्ये शिशुदुग्ध पर्यायांच्या विक्रीचे नियमन करणारा कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या दूध पावडरची जाहिरात होत नाही आणि डब्यावर आईचे दूधच सर्वोत्तम असल्याची सूचना असते, ती यामुळे. हा विषय आजही जिवंत आहे. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील 'पब्लिक आय' या संस्थेने भारतासह अनेक विकसनशील देशांत विकल्या जाणाऱ्या शिशुआहारात साखर मिसळली जाते, तर युरोपातील तशाच उत्पादनांत ती नसते, असा अहवाल प्रसिद्ध केला. उत्पादने स्थानिक नियमांनुसारच असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. तथापि, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने भारतात शुद्ध साखर न घातलेले प्रकार आणत असल्याचे जाहीर केले.

बूट, फुटबॉल आणि गालिचे

१९९० च्या दशकात नायके या क्रीडासाहित्य कंपनीभोवती असेच वादळ उठले. इंडोनेशिया व व्हिएतनाममधील ठेकेदारांच्या कारखान्यांतील तुटपुंजी मजुरी आणि सक्तीचे जादा काम यांविषयीची वृत्ते अमेरिकेत झळकू लागली. १९९६ मध्ये 'लाइफ' मासिकाने पाकिस्तानात फुटबॉल शिवणाऱ्या मुलाचे छायाचित्र छापले. कारखाने आमचे नाहीत, हा कंपनीचा सुरुवातीचा बचाव ग्राहकांना रुचला नाही. अखेर मे १९९८ मध्ये संस्थापक फिल नाइट यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर, आपल्या कंपनीचे नाव कामगारांच्या पिळवणुकीशी जोडले गेल्याचे मान्य केले. पादत्राणांच्या कारखान्यात किमान वय १८ वर्षे आणि हवेच्या शुद्धतेसाठी अमेरिकी मानके, अशा घोषणा त्यांनी केल्या. २००५ मध्ये कंपनीने आपल्यासाठी माल बनवणाऱ्या ७०० हून अधिक कारखान्यांची यादी खुली केली. तोवर अशी यादी हे व्यापारी गुपित मानले जाई.

या दबावाने कामगारांचे भले झाले का? अॅन हॅरिसन आणि जेसन स्कॉर्स या अर्थतज्ज्ञांनी इंडोनेशियाच्या कारखान्यांची आकडेवारी तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. चळवळीच्या रडारवर असलेल्या कारखान्यांत खरी मजुरी इतरांच्या तुलनेत लक्षणीय वाढली आणि एकूण रोजगार त्या प्रमाणात घटला नाही. मात्र कारखान्यांचा नफा कमी झाला आणि काही लहान निर्यातदार बंद पडले. म्हणजे लाभ खरा होता. पण तो फुकट मिळाला नाही.

भारतातील गालिचा उद्योगाने वेगळा मार्ग धरला. भदोही-मिर्झापूर पट्ट्यातील मागांवर मुले राबतात, हे उघड झाल्यावर जर्मनीसारख्या मोठ्या आयातदार देशात संतापाची लाट उसळली. सरसकट बहिष्काराने विणकरांचीच उपासमार झाली असती. म्हणून कैलास सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ च्या सुमारास 'रगमार्क' हा शिक्का अस्तित्वात आला. अचानक तपासणीस तयार असणाऱ्या निर्यातदारालाच तो मिळे. २००९ मध्ये त्याचे नाव 'गुडवीव्ह' झाले. 'हे घेऊ नका' याऐवजी 'हे पाहून घ्या' असे सांगणाऱ्या या पद्धतीचे दुसरे ठळक उदाहरण म्हणजे १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये कॉफीसाठी सुरू झालेला 'मॅक्स हावेलार' शिक्का.

नाशिकच्या बागेपर्यंत

युरोपातील ग्राहकाची धास्ती महाराष्ट्राच्या शेतकऱ्यापर्यंत कशी पोहोचते, हे पाहायचे तर नाशिकची द्राक्षबाग पाहावी. गाईंमधील 'मॅड काऊ' रोग आणि कीटकनाशकांच्या बातम्यांनी धास्तावलेल्या ग्राहकांचा विश्वास टिकवण्यासाठी युरोपातील सुपरमार्केट साखळ्यांनी १९९७ मध्ये 'युरेपगॅप' ही शेतमालाची मानके आखली. २००७ मध्ये त्यांचे नाव 'ग्लोबलगॅप' झाले. हा कोणत्याही सरकारचा कायदा नव्हे. पण प्रमाणपत्र नसेल, तर मोठ्या दुकानांत जागा मिळणे दुरापास्त. फवारणी कधी, किती, कशाची केली याची नोंदवही ठेवणे हा मग बागायतदाराच्या दिनक्रमाचा भाग झाला.

२००३ मध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात इशारे निघाले. त्यानंतर अपेडा या केंद्रीय संस्थेने मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या साहाय्याने अवशेष तपासणीची व्यवस्था उभी केली. २००६ पासून 'ग्रेपनेट'द्वारे पेटीवरून थेट बागेचा माग काढता येऊ लागला. तरीही २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडून अनेक कंटेनर युरोपात अडकले आणि बागायतदार व निर्यातदारांना मोठा आर्थिक फटका बसला. त्या रसायनाकडे तोवर भारतीय तपासणीचे लक्षच नव्हते. ग्राहकाचे मन सांभाळण्याचा खर्च साखळीतील सर्वांत शेवटच्या, म्हणजे सर्वांत दुबळ्या दुव्यावर ढकलला जातो, याचे हे बोलके उदाहरण होय.

उलट दिशेचा अनुभवही आहे. केरळमधील प्लाचीमाडा येथील भूजल उपशाविरुद्धच्या आंदोलनानंतर मार्च २००४ मध्ये कोका-कोलाचा तेथील प्रकल्प बंद पडला. हा वाद अमेरिकी विद्यार्थ्यांनी उचलून धरला आणि मिशिगन विद्यापीठाने जानेवारी २००६ पासून कंपनीच्या पेयांची खरेदी थांबवली. भारतातील प्रकल्पांची त्रयस्थ पाहणी करण्याचे कंपनीने मान्य केल्यावर एप्रिलमध्ये ती पुन्हा सुरू झाली. 'टेरी' संस्थेने केलेल्या या पाहणीच्या २००८ मधील अहवालात राजस्थानातील काळाडेरा प्रकल्पासाठी पाण्याचा अन्य स्रोत शोधणे, प्रकल्प हलवणे किंवा बंद करणे यांसारखे पर्याय सुचवण्यात आले. पालक्काडच्या गावकऱ्यांचा प्रश्न अमेरिकेतील विद्यापीठाच्या खरेदी समितीपुढे गेल्यावरच त्याला असे वजन आले, हे विसरता येत नाही.

व्यापार करारांच्या चौकटीत

जागतिक व्यापार संघटनेचे नियम सरकारांना बांधतात, ग्राहकाला नाही. आयातीवर बंदी घालणाऱ्या सरकारला दुसरा देश जाब विचारू शकतो. वस्तू विकत न घेणाऱ्या गृहिणीला नाही. अडचण येते ती ग्राहकांच्या मागणीवरून सरकार नियम करते तेव्हा. ट्यूना मासे पकडताना जाळ्यात डॉल्फिन मरतात, याविरुद्धच्या आंदोलनामुळे १९९० मध्ये अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी 'डॉल्फिन-सुरक्षित' मासेच घेण्याचे ठरवले. त्या शिक्क्याच्या सरकारी निकषांना मेक्सिकोने २००८ मध्ये आव्हान दिले. हा वाद दहा वर्षे चालून डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या बाजूने मिटला. कोळंबी आणि समुद्री कासवांच्या अशाच वादात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतही तक्रारदार होता. श्रीमंत देशांतील ग्राहकांची सद्भावना गरीब देशांच्या निर्यातीला अडसर ठरू शकते, ही विकसनशील देशांची शंका अगदीच निराधार नाही.

शस्त्र दुधारी

या शंकेमागे कटू अनुभव आहेत. १९९२ मध्ये अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले. ते संमत झालेच नाही. पण केवळ धास्तीने बांगलादेशातील तयार कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना कामावरून काढून टाकले. त्यातील कित्येक मुले शाळेत न जाता दगड फोडण्यासारख्या अधिक धोक्याच्या कामांकडे वळल्याचे युनिसेफने नमूद केले. पुढे १९९५ मध्ये कारखानदार, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व युनिसेफ यांच्यात करार होऊन मुलांच्या शिक्षणाची सोय करण्यात आली. सियालकोटमध्ये १९९७ च्या अटलांटा करारानंतर फुटबॉलची शिवण घराघरांतून देखरेखीखालच्या केंद्रांत गेली. पण घर सोडून केंद्रावर जाऊ न शकणाऱ्या स्त्रियांच्या मिळकतीवर गदा आली.

चुकीच्या माहितीचा धोकाही मोठा आहे. १९९५ मध्ये शेल कंपनी 'ब्रेंट स्पार' हा जुना तेलसाठा समुद्रात बुडवणार होती. जर्मनीतील ग्राहकांनी तिच्या पेट्रोल पंपांकडे पाठ फिरवली आणि २० जून रोजी कंपनीने निर्णय फिरवला. नंतर त्यात शिल्लक असलेल्या तेलाचा आपला अंदाज चुकीचा होता, याबद्दल ग्रीनपीस संघटनेला जाहीर माफी मागावी लागली.

राष्ट्रीय वा धार्मिक भावनेतून उठणारे बहिष्कार तर कंपनीचा काही दोष नसतानाही तिला घेरतात. २००६ मध्ये एका डॅनिश वृत्तपत्रातील व्यंगचित्रांमुळे मध्यपूर्वेत 'आर्ला' या डॅनिश दुग्ध कंपनीची विक्री जवळजवळ ठप्प झाली. मार्च २०२१ मध्ये शिनजियांगमधील कापसाबाबत चिंता व्यक्त करणारे जुने निवेदन उकरून काढून चिनी ग्राहकांनी एच अँड एमवर बहिष्कार टाकला. पाश्चात्त्य ग्राहकाला हवी ती भूमिका घेतली, तर चिनी ग्राहक दुरावतो. न घेतली, तर उलटे. अशा कात्रीत आज अनेक कंपन्या सापडल्या आहेत.

आवाहनाकडून कायद्याकडे

स्वयंघोषित आचारसंहिता आणि कागदी तपासणी पुरेशी नाही, हे २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सिद्ध झाले. राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मरण पावले. तेथील काही कारखान्यांची पाश्चात्त्य ब्रँडांच्या वतीने तपासणी झालेली होती. ढिगाऱ्यात सापडलेल्या लेबलांनी ग्राहकांना हादरवले आणि काही आठवड्यांत कामगार संघटना व ब्रँड यांच्यात अग्नी व इमारत सुरक्षेचा कायदेशीर बंधनकारक करार झाला. दोनशेहून अधिक कंपन्या त्यात सहभागी झाल्या. तमिळनाडूतील दिंडिगल येथे २०२२ मध्ये एच अँड एम, पुरवठादार आणि स्त्री कामगारांची संघटना यांच्यात लैंगिक छळ रोखण्यासाठी झालेला करारही याच वळणाचा आहे.

जर्मनीचा पुरवठा साखळीविषयक कायदा जानेवारी २०२३ पासून अमलात आला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तशाच स्वरूपाचे निर्देश मंजूर केले. परंतु उद्योगांच्या दबावाखाली २०२५ मध्ये त्यांची मुदत पुढे ढकलण्यात आली. तिरुप्पूर असो वा नाशिक, निर्यातदाराला या घडामोडींकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

या सर्व प्रकरणांत एक सूत्र दिसते. मागणी नेमकी होती, माहिती पक्की होती आणि कारखान्यातील वा शेतातील माणसाला त्या चळवळीत आवाज होता, तेथे बदल टिकला. केवळ संताप होता, तेथे ऑर्डरी दुसऱ्या देशात गेल्या आणि मजूर उघड्यावर पडला. आपल्याकडे १९७४-७५ च्या सुमारास बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्राहक पंचायतीने भाव, वजन आणि भेसळ यांविषयी विचारायला शिकवले. ही वस्तू कोणी आणि कोणत्या परिस्थितीत बनवली, हा प्रश्न मात्र आपला ग्राहक अजून क्वचितच विचारतो.